आधीं हरलेल्यांचें गीत

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. सातारा जिल्ह्यांतील खेड्यांतून छत्तीस वर्षें मुलांना पाढे, शुद्धलेखन आणि इतिहास शिकविणारा एक प्राथमिक शिक्षक, ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं, तो अमेरिकेंतील लष्करी विद्यालयांच्या फुटबॉलवर काय बोलणार? शंका रास्त आहे. परंतु माझा मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सी राज्यांत राहतो. सेवानिवृत्तीनंतर दोन हिवाळे आम्हीं उभयतांनीं त्याच्याकडे काढले, आणि तेवढ्यांत मला या खेळाचा नाद लागला. नाद हाच शब्द योग्य. कारण घरीं परत आल्यावरहि डिसेंबर महिना उजाडला कीं, त्या एका सामन्यासाठीं मी रात्रीं दीड वाजतां उठून बसतों. त्या नादामागें एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत मला माझ्या स्वतःच्या एका चुकीचें प्रतिबिंब दिसलें. तें दोन्ही आज आपणांस सांगावें, असा विचार आहे.

प्रथम थोडी ओळख करून देतों. अमेरिकेच्या लष्कराचे अधिकारी घडविणारें विद्यालय न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारें पन्नास मैलांवर, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर, वेस्ट पॉइंट येथें आहे. तें १८०२ सालीं निघालें. आरमाराचे अधिकारी घडविणारें विद्यालय मेरीलंड राज्यांत ॲनापोलिस येथें १८४५ सालीं स्थापन झालें. या दोन विद्यालयांत दर वर्षीं हिवाळ्याच्या तोंडाशीं फुटबॉलचा एक सामना होतो, आणि साऱ्या देशाचें लक्ष त्याकडे लागून राहतें.

तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यांत पायाचें काम थोडें आणि हातखांद्यांचें फार. चेंडू वाटोळा नसून सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, आणि मैदान शंभर यार्ड लांब. चेंडू ज्यांच्या हातीं असेल, त्यांनीं चार खेपांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. साधलें तर पुन्हां चार खेपा. न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाला. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला कीं सहा गुण, आणि लगेच तो खांबांमधून लाथेनें उडविला कीं आणखी एक. रेषेपर्यंत पोंचणें अशक्य दिसलें, तर दुरूनच चेंडू खांबांमधून उडवून तीन गुण पदरांत पाडून घेतां येतात. मला हा खेळ उमगला तो आपल्या हुतूतूमुळें. एक गडी रेषेकडे झेपावतो आहे, चौघे त्याच्या कमरेला व पायांना मिठी घालीत आहेत, आणि तो वीतभर तरी पुढें सरकण्यासाठीं अंग झोंकून देतो आहे, हें दृश्य ज्यानें लहानपणीं शाळेच्या पटांगणांत पाहिलें आहे, त्याला निराळें व्याकरण शिकावें लागत नाहीं.

मीं पाहिलेला पहिला सामना ९ डिसेंबर २०१७ रोजीं फिलाडेल्फिया शहरांत झाला. सकाळपासून बर्फ पडत होतें. "बाबा, थंडी सोसेल ना?" असें मुलानें तीनदां विचारलें, आणि सूनबाईनें मला इतके कपडे घातले कीं, हात खालीं जाईनात. आम्हीं जागा घेतली तों दोन्ही विद्यालयांचे विद्यार्थी पलटणी करून मैदानांत उतरूं लागले. हजारों तरुण आणि तरुणी, एकच पाऊल, एकच रेषा, आणि वरून अखंड पडणारें बर्फ. त्यानंतर एक गमतीचा विधि झाला. प्रत्येक विद्यालयाचे कांहीं विद्यार्थी सहामाहीभर दुसऱ्या विद्यालयांत शिकावयास जातात. त्यांना 'युद्धकैदी' म्हणावयाचें, आणि खेळापूर्वीं मैदानाच्या मधोमध आणून त्यांची अदलाबदल करावयाची! आरमारवाल्यांनीं एक बोकड आणला होता आणि लष्करवाल्यांनीं खेंचर. हीं त्यांचीं मानाचीं जनावरें. एकमेकांचा बोकड किंवा खेंचर पळवून नेण्याचे जुने पराक्रम तेथें अजून चवीनें सांगितले जातात.

खेळ मोठा अटीतटीचा झाला. लष्कराचे गडी पर्वतांत लढणाऱ्या आपल्या एका जुन्या डिव्हिजनच्या सन्मानार्थ पांढरे पोशाख घालून आले होते. त्या बर्फांत ते मधूनच दिसेनासे होत. शेवटच्या पर्वांत लष्कराला चौदा व आरमाराला तेरा असे गुण होते, आणि अगदीं शेवटच्या क्षणीं आरमाराच्या गड्यानें अठ्ठेचाळीस यार्डांवरून चेंडू लाथाडला. साधता तर आरमार जिंकतें. चेंडू खांबांच्या डावीकडून किंचित् बाहेर गेला. आमच्या भोंवतीं जो गलका उठला, तो मी जन्मांत विसरणार नाहीं.

परंतु श्रोतेहो, मला वेड लावलें तें या गलक्यानें नव्हे, तर त्यानंतर जें घडलें त्यानें. मला वाटलें, आतां जिंकलेले नाचतील, हरलेले माना खालीं घालून निघून जातील आणि लोक आपापल्या गाड्यांकडे धांवतील. तसें झालें नाहीं. दोन्ही संघ एकत्र चालत मैदानाच्या एका कडेला गेले. ती कडा हरलेल्या आरमाराच्या विद्यार्थ्यांची होती. तेथें जिंकलेले गडी त्यांच्याकडे तोंड करून स्तब्ध उभे राहिले आणि आरमाराच्या विद्यालयाचें गीत सुरू झालें. तें संपल्यावर सारे मिळून दुसऱ्या कडेला आले, आणि मग लष्कराच्या विद्यालयाचें गीत झालें. आधीं हरलेल्यांचें गीत, नंतर जिंकलेल्यांचें. म्हणून या विद्यालयांतून 'यंदा जिंकूं' असें न म्हणतां 'यंदा आपलें गीत दुसरें म्हणूं' असें म्हणण्याची चाल आहे.

माझ्या शेजारीं सत्तरीच्या पलीकडचे एक गृहस्थ बसले होते. दुपारभर ते आरमाराच्या नांवानें इतके ओरडले होते कीं, त्यांचा घसा बसला होता. आरमाराचें गीत सुरू होतांच त्यांनीं डोक्यावरची टोपी काढली आणि त्या बर्फांत ते उघड्या डोक्यानें उभे राहिले. नंतर माझ्या मोडक्या इंग्रजींत मीं त्यांना त्याचें कारण विचारलें. ते म्हणाले, "मी व्हिएतनाममध्यें मेकाँग नदीच्या मुखाकडील पाणथळ प्रदेशांत पायदळांत होतों. तेथें रस्ते नाहींत, सारे कालवेच. आम्हांला लढाईवर नेणाऱ्या होड्या आरमाराच्या, आणि जखमींना परत आणणाऱ्याहि आरमाराच्याच. वर्षांतून एक दिवस मी त्यांच्याविरुद्ध ओरडतों. बाकीचे दिवस मी त्यांचा ऋणी आहें." एवढें बोलून त्यांनीं टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

त्या दिवसापासून मीं या सामन्याचा इतिहास मिळेल तेथून वाचावयास आरंभ केला. पहिला सामना २९ नोव्हेंबर १८९० रोजीं वेस्ट पॉइंटच्या कवाइतीच्या मैदानावर झाला. त्याच्या मुळाशीं एका विद्यार्थ्याची खटपट होती. डेनिस मायकी हा वेस्ट पॉइंट येथील एका प्राध्यापकाचा मुलगा. आरमारी विद्यार्थी हा खेळ कांहीं वर्षें खेळत होते. लष्करी विद्यार्थ्यांना तो जवळजवळ अपरिचित होता. मायकीनें ॲनापोलिसकडून आव्हान येईल अशी व्यवस्था केली, आणि मग तोच कप्तान, तोच शिक्षक, तोच व्यवस्थापक झाला. पाहुण्यांच्या प्रवासखर्चाचा वांटा उचलण्यासाठीं वेस्ट पॉइंटच्या विद्यार्थ्यांनीं प्रत्येकीं बावन्न सेंट वर्गणी दिली. सामन्यांत आरमारानें लष्कराचा चोवीस विरुद्ध शून्य असा फडशा पाडला. पुढच्या वर्षीं ॲनापोलिसला जाऊन लष्करानें त्याची फेड केली. अशी या परंपरेची सुरुवात झाली.

परंतु ही परंपरा सरळ वाढली नाहीं, आणि मला वाटतें, तिचा खरा धडा येथेंच आहे. १८९३ सालीं ॲनापोलिस येथें आरमारानें सहा विरुद्ध चार असा निसटता विजय मिळविला. मैदानावरील चुरस प्रेक्षकांत शिरली आणि वडीलधाऱ्यांचीं डोकीं फिरलीं. एक सेनापति आणि एक नौसेनापति यांच्यांतील बाचाबाची द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेली, अशी आख्यायिका आहे. पुढें प्रकरण प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या मंत्रिमंडळापुढें आलें, आणि १८९४ सालीं दोन्ही खात्यांनीं हुकूम काढले कीं, आपापल्या संघांनीं आपलें मैदान सोडून बाहेर खेळावयास जाऊं नये. दोन्ही संघ घरींच बसावयाचे म्हटल्यावर सामना कोठून होणार? पांच वर्षें तो झाला नाहीं. विद्यार्थ्यांनीं आरंभिलेला खेळ मोठ्या माणसांनीं बंद पाडला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. १८९९ सालीं तो पुन्हां सुरू झाला तो फिलाडेल्फिया येथें, दोघांच्याहि घराबाहेरील त्रयस्थ ठिकाणीं.

परंतु तो दिवस पाहण्यास डेनिस मायकी जिवंत नव्हता. १८९८ सालीं क्यूबा बेटावर स्पेनविरुद्धच्या लढाईंत सँटिआगो शहराजवळ तो पडला. त्याचें वय अठ्ठावीस वर्षांचें होतें.

पुढल्या काळांत हा सामना म्हणजे त्या राष्ट्राचें जणूं एक पंचांगच झालें. राष्ट्राध्यक्ष सामन्याला आले कीं, अर्धा खेळ एका बाजूला बसून व अर्धा दुसऱ्या बाजूला बसून पाहतात. कारण दोन्ही सेना त्यांच्याच. १९२६ सालीं शिकागो शहरांत, पहिल्या महायुद्धांतील सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेल्या मोठ्या क्रीडांगणाच्या अर्पणविधीसाठीं हाच सामना ठरविण्यांत आला. एक लाखाहून अधिक प्रेक्षक जमले, आणि सामना एकवीस-एकवीस असा बरोबरींत सुटला.

२९ नोव्हेंबर १९४१ चा सामना आरमारानें जिंकला. त्या दिवशीं विकल्या गेलेल्या कार्यक्रमपुस्तिकेंत ॲरिझोना नांवाच्या लढाऊ जहाजाचें चित्र होतें, आणि त्याखालीं अशा आशयाचा मजकूर होता कीं, विमानांचे पुरस्कर्ते कांहींहि म्हणोत, बॉम्ब टाकून एकहि मोठी युद्धनौका अद्याप बुडालेली नाहीं. त्यानंतर आठच दिवसांनीं, ७ डिसेंबर रोजीं, पर्ल हार्बर बंदरांत जपानी विमानांनीं तेंच जहाज बुडविलें, आणि त्यावरील १,१७७ माणसें प्राणांस मुकलीं. मनुष्याच्या आढ्यतेला कालपुरुषानें इतक्या त्वरेनें दिलेलें उत्तर मला इतिहासांत क्वचितच आढळलें आहे.

युद्धकाळांतील एक गोष्ट मला सर्वांत अधिक आवडते. १९४२ सालीं आगगाड्या व पेट्रोल यांची टंचाई होती. म्हणून सामना मोठ्या शहरांत न होतां ॲनापोलिसलाच झाला आणि लष्करी विद्यार्थ्यांना तिकडे जातां आलें नाहीं. मग वेस्ट पॉइंटच्या गड्यांना उत्तेजन कोण देणार? तेव्हां आरमारी विद्यार्थ्यांपैकींच कांहीं वर्गांना हुकूम झाला कीं, तुम्हीं लष्कराच्या बाजूला बसावयाचें, लष्कराचीं गाणीं पाठ करावयाचीं आणि लष्कराच्या नांवानें जयघोष करावयाचा. त्या मुलांनीं तो इमानानें केला. आरमार जिंकलें, परंतु परक्यांसाठीं ओरडून आपला घसा बसवून घेणाऱ्या त्या मुलांचें मला फार कौतुक वाटतें. १९४४ सालीं बाल्टिमोरला युद्धकर्जाचे रोखे घेणारांनाच तिकिटें मिळालीं. त्या वर्षीं लष्कर जिंकलें, आणि तिकडे फिलिपाइन्समध्यें लढत असलेल्या सेनापति मॅकार्थर यांनीं संघाला अभिनंदनाची तार पाठविली.

१९६३ सालीं तर सामना होणार कीं नाहीं, हाच प्रश्न होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी स्वतः आरमारांत लढलेले आणि या सामन्याचे मोठे शोकी. २२ नोव्हेंबर रोजीं त्यांचा खून झाला. परंतु त्यांच्या पत्नीनें सामना व्हावा अशी इच्छा दर्शविली, आणि एक आठवडा पुढें ढकलून तो ७ डिसेंबर रोजीं झाला. आरमाराचे एकवीस, लष्कराचे पंधरा. लष्कराचे गडी रेषेपासून अवघ्या दोन यार्डांवर पोंचले होते. परंतु प्रेक्षकांचा कोलाहल इतका माजला कीं, नायकाच्या खुणा गड्यांना ऐकूं येईनात, आणि तेवढ्यांत वेळ संपली. याच सामन्यांत दूरचित्रवाणीवर, घडून गेलेला एक डाव लगेच पुन्हां दाखविण्याची युक्ति प्रथम योजण्यांत आली. पाहणारांची अशी समजूत होऊं लागली कीं, लष्करानें पुन्हां गुण मिळविले. तेव्हां, हें आतांचें नव्हे, मघाचेंच आहे, असें निवेदकाला ओरडून सांगावें लागलें. आज आपण क्रिकेटचा बाद झालेला गडी दहा वेळां पाहतों, त्या सोयीचा उगम असा एका शोकाकुल दिवशीं आहे.

येथवर मीं या खेळाची उजळ बाजू सांगितली. परंतु इतिहास शिकविणारानें काळी बाजू झांकूं नये. ज्या २९ नोव्हेंबर १८९० रोजीं पहिला सामना झाला, त्यानंतर बरोबर एक महिन्यानें, २९ डिसेंबर रोजीं, त्याच देशाच्या लष्करानें दक्षिण डाकोटांत वूंडेड नी येथें लाकोटा जमातीच्या दीडशेंहून अधिक लोकांचा बळी घेतला, आणि त्यांत बायका-मुलेंहि होतीं. बावीस वर्षांनीं, ९ नोव्हेंबर १९१२ रोजीं, कार्लाइल येथील आदिवासी मुलांच्या शाळेचा संघ वेस्ट पॉइंटला खेळावयास आला. त्या संघांत जिम थॉर्प होता. त्याच वर्षीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यानें दोन सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. लष्कराच्या संघांत आयझेनहॉवर नांवाचा एक विद्यार्थी होता. तो पुढें सेनापति आणि राष्ट्राध्यक्ष झाला. कार्लाइलच्या मुलांनीं लष्कराचा सत्तावीस विरुद्ध सहा असा पराभव केला. ज्यांच्या वाडवडिलांना या लष्करानें आपल्या भूमींतून हुसकून लावलें, त्यांच्या मुलांनीं लष्कराच्याच अंगणांत मिळविलेला तो जय होता. दोन सेनांनीं एकमेकींचा मान राखावा हें थोर खरें. परंतु आपला म्हणून कोणाला मोजावयाचें आणि कोणाला वगळावयाचें, हा प्रश्न मैदानाच्या कडेला उभाच असतो.

दुसऱ्या खेपेस, २०२२ च्या ऑक्टोबरमध्यें, मुलानें मला वेस्ट पॉइंटलाच नेलें. फाटकावर पासपोर्ट दाखवून आंत गेलों. खालीं हडसन नदी, वर लाल-पिवळ्या पानांचे डोंगर, आणि डोंगराच्या खांद्यावर एका तळ्याकांठीं त्यांचें क्रीडांगण. त्याचें नांव मायकी क्रीडांगण. तें १९२४ पासून तेथें आहे. सामन्याचा चेंडू घेऊन एक विद्यार्थी छत्री उघडून विमानांतून खालीं उतरला. लष्करानें गुण मिळविले कीं तोफ उडे आणि डोंगर घुमत. शेजारच्याच इमारतीला डॉन हॉलेडर याचें नांव आहे. १९५५ सालीं शिक्षकाच्या सांगण्यावरून आपली नेहमींची जागा सोडून तो संघाचा सूत्रधार झाला. साऱ्यांनीं नांवें ठेविलीं, आणि त्यानें आरमाराला चौदा विरुद्ध सहा असें हरविलें. १९६७ च्या ऑक्टोबरमध्यें व्हिएतनामांत वेढ्यांत सांपडलेल्या जखमी सैनिकांच्या मदतीला धांवत जात असतां तो मारला गेला.

खेळ संपल्यावर आम्ही तेथील स्मशानभूमींत गेलों. डेनिस मायकीचें थडगें तेथें आहे. ज्या आवारांत त्याचा जन्म झाला, त्याच आवारांत तो निजला आहे. मागून क्रीडांगणांतून परतणाऱ्या लोकांचा आवाज येत होता. मला वाटलें, या मैदानावर धांवणाऱ्या मुलांना ठाऊक आहे कीं, हा खेळ संपल्यावर दुसरें एक मैदान वाट पाहत आहे, आणि तेथें समोरचा गडी आपला शेजारी असणार आहे. म्हणूनच त्यांना एकमेकांच्या गीतासाठीं उभें राहतां येतें. त्याच वर्षीं १० डिसेंबर रोजीं फिलाडेल्फियाला मीं दुसरा सामना पाहिला. निकाल लागेना, म्हणून या सामन्याच्या इतिहासांत प्रथमच जादा वेळ द्यावा लागला. आणि दुसऱ्या जादा डावांत लष्कर वीस विरुद्ध सतरा असें जिंकलें. शेवट मात्र तोच: आधीं हरलेल्यांचें गीत.

परत येतांना विमानांत माझ्या मनांत एक साल घोळत होतें, तें म्हणजे १८०२. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत अमेरिकेनें वेस्ट पॉइंटचें विद्यालय स्थापिलें. त्याच वर्षाच्या २५ ऑक्टोबर रोजीं आपल्या पुण्याजवळ हडपसर येथें काय झालें, हें शाळकरी मुलांनाहि ठाऊक असावें. यशवंतराव होळकरांनीं शिंदे व पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबर रोजीं वसई येथें त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. पुढच्या वर्षीं असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले इंग्रजांशीं लढत होते, तेव्हां होळकर दूर राहिले. आणि १८०४ मध्यें होळकर इंग्रजांशीं लढावयास उभे ठाकले, तेव्हां ते एकटे होते. शिंद्यांपाशीं शौर्य नव्हतें काय? होळकरांपाशीं नव्हतें काय? होतें, आणि उदंड होतें. चुरसहि होती. परंतु ती चुरस कोठें सुरू व्हावी आणि कोठें संपावी, याची रेषा कोणीं आंखली नव्हती. विठोजी होळकरांना पुण्यांत हत्तीच्या पायीं देणाऱ्या दरबारानें ती रेषा आधींच पुसून टाकली होती. केवळ चेंडूच्या खेळानें राज्यें तरतात, असें मी म्हणत नाहीं. परंतु स्पर्धेचा शेवट एकत्र उभें राहून करण्याची संवय ज्यांना तरुणपणीं लागते, त्यांचें संकटकालीं एकमेकांना सोडून जाणें कठीण होतें, एवढें मी खात्रीनें म्हणेन.

आपल्या देशानें स्वातंत्र्यानंतर याबाबतींत एक शहाणपण केलें आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनींत लष्कर, आरमार आणि वायुदल या तिन्ही दलांचे विद्यार्थी प्रथमपासून एकत्रच शिकतात. चुरस तेथेंहि आहे. परंतु तेथील एकेका स्क्वाड्रनमध्यें तिन्ही दलांचीं मुलें असतात. पुण्याला जातांना सिंहगडाच्या बाजूला नजर गेली कीं, मला त्याचें समाधान वाटतें.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. १९९४ सालीं मी ज्या शाळेंत होतों, तिचा आणि ओढ्यापलीकडच्या गांवच्या शाळेचा हुतूतूचा सामना झाला. शेवटच्या चढाईंत पंचानें दिलेला निकाल आमच्या विरुद्ध गेला आणि आम्ही एका गुणानें हरलों. मुलें रडवेलीं झालीं. तें स्वाभाविक होतें. परंतु मोठीं माणसें एकमेकांच्या अंगावर गेलीं, आणि त्यांना आवरण्याऐवजीं मींहि पाऊल वांकडें टाकलें. समोरच्या संघाचा नायक हात पुढें करून येत होता. मीं आमच्या नायकाला दरडावून सांगितलें, "हात मिळवायचा नाहीं. रांग धरा, घरीं चला." त्यानंतर चार वर्षें त्या दोन शाळांचा सामना झाला नाहीं. श्रोतेहो, १८९३ सालच्या त्या सेनापतीला मी हंसूं शकत नाहीं, तो यामुळें.

पुढें बारा-तेरा वर्षांनीं मी एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत उभा असतां दोन जवान पाठीवर सामान घेऊन उतरले आणि माझ्या पायां पडले. एक आमचा नायक, दुसरा ओढ्यापलीकडचा. दोघेहि मराठा पलटणींत, एकाच कंपनींत होते आणि एकाच रजेवर आले होते. चहा झाला. बोलतां बोलतां आमचा मुलगा हंसून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं त्या दिवशीं आम्हांला हात मिळवूं दिला नाहीं. तिकडे मी तापानें पडलों, तेव्हां यानेंच माझी बंदूक आणि सामान पाठीवर घेऊन डोंगर उतरला." दुसरा मान खालीं घालून कप विसळीत होता. मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. तेवढ्यांत गाडी आली आणि मी निघालों.

फिलाडेल्फियाच्या बर्फांत तें गीत ऐकतांना मला त्या कपाची आठवण झाली. त्या दोन मुलांना जें आपलें आपण शिकावें लागलें, तें त्यांच्या शिक्षकानें त्यांना एका मिनिटांत शिकवावयास हवें होतें, आणि त्यासाठीं पैसा, साहित्य किंवा परवानगी यांपैकीं कांहींच लागलें नसतें.

आज माझें भाषण ऐकणारांत माझे कांहीं शिक्षकबंधु आणि भगिनी असतील. त्यांना एकच विनंति आहे. सामना जिंका, हरा, घसा बसेपर्यंत ओरडा. परंतु मुलांना घरीं नेण्यापूर्वीं दोन्ही संघांना एकत्र घेऊन आधीं हरलेल्यांच्या बाजूला जा, आणि तेथें क्षणभर उभे राहा. मला तें छत्तीस वर्षांत सुचलें नाहीं.